लाल रेघ नसलेली नावं

मतदान केंद्रावर यादीची जी प्रत असते तिला चिन्हांकित प्रत म्हणतात. पुरुषाचं मत झालं की त्याच्या नावाखाली लाल रेघ ओढायची, बाईचं झालं की रेघ ओढून शेजारी बरोबरची खूण करायची. जिल्हा परिषदेची शिक्षिका म्हणून सत्तावीस वर्षं मी हे काम केलं. १९९० च्या विधानसभेला पहिली ड्युटी, २०१७ च्या जिल्हा परिषदेला शेवटची. कधी यादी माझ्याकडे असायची, कधी शाई, शेवटी शेवटी सगळं केंद्रच.

त्यातली २०१२ च्या फेब्रुवारीतली संध्याकाळ मला विसरता येत नाही. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेतल्या एका गावची दोन खोल्यांची शाळा. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती, अशी माणशी दोन मतं. दुपारी तीननंतर दाराशी कोणी फिरकलं नाही. वेळ संपल्यावर मी यादी पहिल्या पानापासून उलटत गेले. पानंच्या पानं कोरी. एका घरातले नवरा, बायको, दोन मुलगे, दोन सुना, सहाच्या सहा नावं रेघेशिवाय. पुढच्या घरात एकट्या म्हातारीला रेघ. मतदान प्रतिनिधी म्हणून बसलेला पोरगा माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, ही समदी घरं कारखान्यावर हायेत. आता चैत्रातच येतील."

मला ते ठाऊक होतं. त्यांची पोरं वर्गातून दिवाळीच्या आसपास गळायची, ती मार्च-एप्रिलात परत यायची. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात उसाच्या फडाशेजारी कोपी. तरी दुसऱ्या दिवशी तालुक्याला एका साहेबांनी आमच्या केंद्राच्या आकड्याचं कारण दोन शब्दांत लिहायला सांगितलं: मतदार उदासीन. मी म्हटलं, "साहेब, उदासीन नाहीत, गावात नाहीत." ते म्हणाले, त्याला रकाना नाही.

त्या रकान्यावरून मी मागं मागं वाचत गेले. या देशात मत द्यायची पद्धत कशी घडली, कोण कधी बाहेर राहिलं आणि कोणाला कशानं आत येता आलं. निवृत्तीनंतर वेळ होता. आता माझं मत पक्कं झालंय की मतदानाचा टक्का कमी पडला की मतदाराच्या आधी यादी तपासायला हवी.

आमचा मुलूख स्वातंत्र्याच्या वेळी हैदराबाद संस्थानात. निजामाच्या राज्यात सगळ्या प्रौढांना मत ही गोष्टच नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन होऊन संस्थान भारतात आलं आणि चार वर्षांच्या आत माझी आजी मतदानाच्या रांगेत उभी राहिली. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी मत दिलं नव्हतं, अशी माणसं त्या रांगेत होती. आजी ती गोष्ट सांगायची ती मतपेटीची नाही, नावाची सांगायची. टेबलामागच्या गुरुजींनी विचारलं, नाव काय? तिनं स्वतःचं सांगितलं. मग विचारलं, मालकाचं? आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही रीत, आणि नाव नीट सांगितल्याशिवाय यादीत सापडायचं नाही. मागं बायका खोळंबलेल्या. आजीनं मान खाली घालून उखाण्यात नाव घेतलं. गुरुजींनी ते यादीत शोधलं, कागद दिला. "लग्नात घेतलं त्याच्यानंतर तवाच घेतलं," असं ती म्हणायची.

आजीचं नाव यादीत होतं, म्हणून तिच्यावर निदान ही पंचाईत आली. त्याच यादीच्या वेळी देशात काय चाललं होतं, ते मला फार पुढं वाचायला मिळालं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी घरोघर जाऊन करायची होती. उत्तरेत बऱ्याच घरांतल्या बायकांनी परक्या पुरुषाला नाव सांगायला नकार दिला. यादी करणाऱ्यांनी मग अमक्याची आई, तमक्याची बायको असं लिहून घेतलं. सेनांनी ते चालवून घेतलं नाही. मतदाराला स्वतःचं नाव हवं, असा त्यांचा आग्रह. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली, तिथं बऱ्याच नोंदी दुरुस्त झाल्या. राजस्थानात फारसं काही जमलं नाही. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर गेली. मला सेनांचा निर्णय कठोर वाटतो आणि तरी बरोबर वाटतो. 'तमक्याची बायको' म्हणून मत दिलं असतं, तर पुढच्या यादीतही ती तमक्याची बायकोच राहिली असती. पण त्या २८ लाखांतल्या एकीलाही कोणी आळशी म्हणू नये.

ती पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत चालली. पहिलं मत हिमाचलातल्या चिनी गावात पडलं, त्याला आता कल्पा म्हणतात. बर्फ पडायच्या आत तिथलं मतदान उरकायचं होतं. सकाळी ते मत देणारे श्याम सरन नेगी शाळामास्तर होते आणि त्या दिवशी स्वतः निवडणुकीच्या कामावर निघाले होते. हे वाचलं तेव्हा मला आपल्या घरातलं कोणी भेटल्यासारखं झालं. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनी घरून टपाली मत दिलं आणि तीन दिवसांनी गेले. वय १०५.

त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात शंभरातल्या अठराच माणसांना लिहिता-वाचता येत होतं. तेव्हा मतपत्रिकेवर नावं छापून उपयोग नव्हता. तोडगा असा निघाला की प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी, तिच्यावर खूण काहीच करायची नाही. पडद्याआड जायचं, बैलजोडी, झाड, हत्ती, दिवा बघून हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. ते कागद आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले. पोलादी पेट्या लागल्या सुमारे २५ लाख. त्यातल्या १२ लाखांहून अधिक विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात घडल्या, काही हैदराबादच्या ऑल्विनमध्ये. पेटी साधारण पाच रुपयांना पडायची. आजीनं कागद टाकला ती पेटी कुठली होती कोणास ठाऊक, तिला फक्त आतून आलेला "खट" असा आवाज आठवायचा.

एवढं करूनही देशभरात मतदान झालं ते ४५ टक्क्यांच्या आसपास. आज असा आकडा आला तर वर्तमानपत्रं लोकांना दोष देतील. तेव्हा बाहेरच्या जगाला नवल वाटलं की एवढे लोक आले कसे.

पण नुसतं आत येऊन भागत नाही, टाकलेलं मत मोजलंही जावं लागतं. याचं सगळ्यात जड उदाहरण मुंबईचं आहे, आणि तिथं मला थोडं थांबावंसं वाटतं. पुणे करारानंतर, १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात निवडणूक झाली. बरेच मतदारसंघ बहुसदस्य होते. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला द्यायची मुभा. म्हणजे जिथं दलित मतदार थोडे होते, तिथंही ते आपली सगळी मतं एका माणसाच्या मागं उभी करू शकत होते. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं सतरा उमेदवार उभे केले आणि चौदा निवडून आले. त्यात खुल्या जागांवरचेही होते. माणसं तीच, गावं तीच, पण पद्धतीनं त्यांच्या मताला वजन दिलं.

१९५२ ला त्याच मुंबईत, उत्तर मुंबई शहर मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका. पण आता नियम उलटा होता. दोन्ही मतं एका उमेदवाराला देता येत नव्हती. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर त्यातला एक बाद. गिरणगावातल्या, चाळीतल्या माणसाला हे कोणी आणि किती समजावलं असेल? काँग्रेसचे नारायण काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले, बाबासाहेब चौदा हजारांवर मतांनी हरले. बाबासाहेब आणि त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी निवडणुकीला कायदेशीर आव्हान दिलं, त्या अर्जात बाद झालेल्या मतपत्रिकांचा आकडा ७४,३३३ आहे. मतं मुद्दाम वाया घालवायला लावली, असा त्यांचा आरोप होता. तो टिकला नाही. ती मतं धरली असती तर कोण जिंकलं असतं, हा वाद मला घालायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते कागद येतात. तेवढे कागद टाकायला माणसं घरून निघाली, रांगेत उभी राहिली, मत देऊन आले म्हणून घरी सांगितलं. टक्केवारीत ती धरली गेली, मोजणीत नाही. दोन जागांचे मतदारसंघ पुढं १९६१ च्या कायद्यानं बंद झाले.

दुसरी कुठली पद्धत घ्यावी का, हा प्रश्न घटना समितीतही आला होता. जानेवारी १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन आणि प्राध्यापक के. टी. शाह यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची बाजू मांडली. ज्या पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात त्याला जागा. आंबेडकरांनी ती सूचना स्वीकारली नाही. लोकांची साक्षरता एवढी कमी असताना इतकी गुंतागुंतीची मोजदाद पेलणार नाही आणि सरकारं अस्थिर होतील, असं त्यांचं म्हणणं. १९४९ साली ते पटण्यासारखं होतं. आज साक्षरतेचं कारण उरलेलं नाही. दुसऱ्या कारणावर अजून वाद होऊ शकतो आणि तो व्हावा असं मला वाटतं.

वेगळ्या पेट्यांच्या पद्धतीतही एक भोक होतं. पडद्याआड गेलेला माणूस कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणू शकत होता आणि विकू शकत होता. शिवाय जितके उमेदवार तितक्या पेट्या प्रत्येक केंद्रावर वाहून न्यायच्या. म्हणून १९६०-६१ मध्ये केरळ आणि ओरिसातल्या मध्यावधी निवडणुकांत नवी पद्धत चालवून बघितली आणि १९६२ पासून बहुतेक देशभर आणली: सगळ्यांची नावं-चिन्हं एका मतपत्रिकेवर, शिक्का मारायचा, एकाच पेटीत टाकायचं.

मी पहिल्या ड्युटीला हात लावला तो याच शिक्क्याला. रबराची चकती, वर बाणांची फुली. पण ती सरळ फुली नाही, चारही टोकं एकाच दिशेला वळलेली. मला वाटलं शोभेसाठी असेल. आमचे केंद्राध्यक्ष जुने मुख्याध्यापक होते. त्यांनी रद्दी कागदावर शिक्का मारून, ओला असतानाच घडी घालून उघडून दाखवली. पलीकडच्या बाजूला शाईचा दुसरा ठसा उमटला होता, पण त्याची टोकं उलट वळलेली. "मतदारानं घाईत घडी घातली की शाई दुसऱ्या चिन्हावर उतरते," ते म्हणाले. "मोजणाऱ्याला कळायला पाहिजे खरा ठसा कोणता. साधी फुली असती तर दोन्ही सारख्याच दिसल्या असत्या आणि मत बाद झालं असतं." ज्यानं कोणी हा विचार केला, त्यानं घडी घालताना थरथरणारा हात डोळ्यांसमोर आणला होता. सुधारणा म्हणतात ती मला अशी दिसते. बाद होणारं एक मत वाचवण्यासाठी चार टोकं वळवायची.

बोटावरची शाईही १९६२ पासूनच म्हैसूरच्या कारखान्यातून येते. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. लावताना जांभळी दिसते, उन्हात गेलं की काळी पडते आणि नखावर महिनोन् महिने राहते. शाईवर असताना मला बायकांचे हात बघायची सवय लागली. खुरप्यानं चिरा पडलेल्या बोटावर शाई पसरायची, रेघ नीट उमटायची नाही. मग बोट पुसून पुन्हा लावायची.

१९६२ ला देशात शंभर पुरुषांतले ६३ मत देत होते, तर शंभर बायकांतल्या ४७ सुद्धा नाही. २०१९ ला दोघंही ६७ वर आले, बायका किंचित पुढंच. कोणी दंड केला नाही, सक्ती केली नाही. बायकांची नावं यादीत त्यांच्या नावानं लागली, रांग वेगळी झाली, केंद्र गावात आलं. १९८९ ला मताचं वय २१ वरून १८ झालं. १९९३ पासून टी. एन. शेषन यांनी फोटोचं ओळखपत्र लावून धरलं. १९८२ ला केरळातल्या परवूरच्या काही केंद्रांवर आलेलं मतदान यंत्र २००४ च्या लोकसभेला देशभर पोचलं आणि बाद मतांचा प्रश्न जवळजवळ मिटला.

तरीही टक्का घसरला की सक्तीची भाषा सुरू होते. गुजरातनं २००९ ला स्थानिक निवडणुकांत सक्तीच्या मतदानाचा कायदा विधानसभेत मंजूर केला, २०१५ ला तिथल्या उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगानंही सक्ती नको असं सांगितलं. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे आणि ती चालते, हे खरं. पण तिथं आपल्या केंद्रापासून दूर असलेल्या माणसाला मत द्यायच्या वाटाही ठेवल्या आहेत. आमच्या गावात सक्ती आणली तर पहिली नोटीस त्या सहा कोऱ्या नावांच्या घराला लागेल, आणि ती घ्यायला शेजारची म्हातारीच असेल.

शहरातलं वेगळं आहे, असं लोक म्हणतात. २००९ च्या लोकसभेला, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच-सहा महिन्यांत, तिथं ४१ टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं. २०१९ ला पुण्यात निम्मेही लोक आले नाहीत आणि गडचिरोली-चिमूरला ७० टक्क्यांच्या वर गेले. तिथं जंगलातून, बंदुकांच्या भीतीतून माणसं चालत येतात. सुट्टी मिळाली म्हणून गावाबाहेर जाणाऱ्या शहरी माणसाचा मलाही राग येतो. पण पुण्यात मुलाकडं गेले असताना त्यांच्या सोसायटीची यादी मी चाळली. आमच्याच जिन्यातली दोन मेलेली माणसं यादीत, घर विकून गेलेलं एक कुटुंब यादीत, आणि चार वर्षांपासून भाड्यानं राहणाऱ्या दोन नर्सबाई यादीत नाहीत. त्यांची नावं गावाकडं, एकीचं लातूरला, एकीचं केरळात. अशा यादीवरून काढलेल्या टक्क्यात आळस किती आणि गैरहजेरी किती, हे कोण सांगणार?

डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं एका नव्या यंत्राची घोषणा केली, तेव्हा मी वर्तमानपत्र कापून ठेवलं. बाहेरगावी असलेल्या माणसाला तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता येईल, एका यंत्रात ७२ मतदारसंघ बसतील. २०१९ ला ३० कोटी लोकांनी मत दिलं नाही, त्याचं एक मोठं कारण स्थलांतर, हे आयोगानं स्वतः मांडलं. मला त्या साहेबांचा रकाना आठवला. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. शंका बऱ्याच निघाल्या: परक्या राज्यात मतदान प्रतिनिधी कोण बसवणार, आचारसंहिता कोणाची, यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा. शंका रास्त होत्या. २०२४ च्या निवडणुका त्याशिवायच झाल्या. पण हे अशक्य नाही, एवढं मला माहीत आहे. घर सोडून आलेल्या काश्मिरी पंडितांसाठी जम्मूत आणि दिल्लीत खास केंद्रं असतात. सैनिकाला टपाली मत आहे, २००३ पासून तो प्रतिनिधीमार्फतही मत देऊ शकतो. कारखान्याच्या तळावर, एका ओळीत दोनशे कोप्या, सगळे एका जिल्ह्याचे, तिथं एक दिवस पेटी नेणं कल्प्याहून अवघड नाही.

आज काय होतं? मतदानाच्या आदल्या रात्री उमेदवाराची गाडी फडावर जाते, माणसं भरून आणते, मत झालं की परत सोडते. गाडी ज्याची, त्याची आण. २०१७ ला माझ्या शेवटच्या केंद्रावर सकाळीच असा टेम्पो आला होता. उतरलेल्या बायकांच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ताजे ओरखडे. शाई लावताना एक कळवळली. ओरखड्यांवर झोंबली.

आता ऑगस्ट २०२२ पासून एक चांगलं झालंय. आधी १ जानेवारीला १८ पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचं, आता वर्षातून चार तारखा धरतात. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत मी शाळेच्या ओट्यावर अर्ज घेऊन बसते. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलायचा किंवा दुरुस्ती करायची तर नमुना ८. सगळ्यात जास्त काम नव्या सुनांचं. माहेरच्या यादीत नाव आहे ते तिथल्यांनी कापून टाकलेलं, सासरी अजून चढलेलं नाही. गेल्या वेळी चौघी आल्या होत्या. मी पहिलीला नाव विचारलं, तर तिची सासूच सांगायला लागली. मी म्हटलं, "मावशी, तिला सांगू द्या." पोरीनं स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचंही ठणठणीत सांगितलं आणि खाली सही केली. मुकादमाचा ट्रॅक्टर पारावर येऊन उभा होता, भांडी-कुंडी चढवून झाली होती. तो सुटायच्या आत तिघींचे अर्ज झाले. चौथीचा राहिला. तिचं आधार कार्ड पत्र्याच्या पेटीत होतं आणि ती पेटी ट्रॅक्टरच्या तळाशी, सगळ्या सामानाखाली गेली होती.